दोन धुरांचं घर

लग्नकार्यात एखादी नवी ओळख झालेली बाई विचारते, "तुम्ही कुठं नोकरीला होता का हो?" मी म्हणते, "चुली घालत होते." ती हसते. तिला वाटतं, मी चेष्टा करतेय. मग मला पदर खोचून सगळं सांगावं लागतं, आणि माझं निम्मं सांगून होईस्तोवर पंगत उठते. म्हणून म्हटलं, यंदाच्या अंकासाठी लिहूनच काढावं. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. पुढचं वाचन सिमेंटच्या पोत्यांवरचं आणि वाण्याच्या पुड्यांवरचं. तेव्हा कुठं वाक्य तिरकं गेलं तर सांभाळून घ्या, भिंत मात्र मी कधी तिरकी बांधली नाही.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. आमचे हे गवंडी. परांचीवरून पडले आणि कंबर बसली ती बसलीच. घरात थापी होती, ओळंबा होता, पाट्या होत्या, चालवायला हात नव्हते. त्याच सुमाराला निर्धूर चुलींची सरकारी योजना आली आणि चुली घालायला बायका हव्या होत्या. परक्या पुरुषाला स्वयंपाकघरात कोण घेणार? साताऱ्याला आमचं शिबिर झालं. एका साहेबांनी फळ्यावर देशाचा नकाशा काढला आणि सांगायला लागले की देशात जळण किती लागतं, झाडं किती उरलीत, आणि असंच चाललं तर उद्या चुलीत काय घालणार. मला तर धसकाच बसला. देशाचं जळण वाचवायचं ते माझ्या थापीनं? शेजारी म्हसवडकडची एक बाई बसली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आमच्याकडं झाडं हायती कुठं वाचवायला? आमी शेणी न् तूरकाट्या जाळतो. यांच्या नकाशात आमी न्हाईच जणू."

आता चूल म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. निर्धूर हे नुसतं नाव. लाकूड जळलं की धूर होणारच. फक्त तो बाईच्या डोळ्यांत जायच्या ऐवजी छपराबाहेर जावा, एवढीच युक्ती. पत्र्याचा साचा असायचा, त्यात माल भरून चूल उभी करायची. पुढं तोंड, त्यावर एक भांडं. मागं वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा. दोन्हींच्या खालून एक बोगदा, आणि बोगद्याच्या शेवटाला सिमेंटचा पाइप, तो छपरातून वर. पाइप धूर ओढतो, धुराबरोबर आग मागं खेचली जाते आणि एका जळणात दोन भांडी शिजतात. बोगद्याचा चढ चुकला की सगळा धूर उलटा घरात, आणि शिव्या मला.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. तासगावकडं एका द्राक्षबागेच्या मालकिणीकडं चूल घातली. वर्षानं बघायला गेले तर चुलीत कोंबडी अंड्यांवर रवणाला बसवलेली. वर मलाच सांगते, "मावशी, लय बेस जागा केलीसा. मांजराचं तोंड जात न्हाई आत." महाबळेश्वरच्या बाजूला एका घरी पावसाचं पाणी आत येतं म्हणून पाइपावर बादली पालथी घातली होती. मग धूर कोंडला, तर निरोप आला की चूलवालीनं फसवलं. आणि एक तक्रार मात्र घरोघर: भाकरी फुगत नाही. ती खरी होती. जुन्या चुलीत तोंडाशी निखारे ओढून त्यापुढं भाकरी उभी करता येते. आमच्या चुलीत आग मागं पळायची, तोंड थंड. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तव्यावरच फुगवा." साहेबांच्या घरी पोळ्या होत असाव्यात.

शिबिरात मात्र एक गोष्ट कुणीच सांगितली नाही, कारण ती कुणाला सुचलीच नाही. आमच्या भागात घरात दुसरी चूल पेटली की त्याचा अर्थ एकच. भाऊ वेगळे झाले. मी डोक्यावर साचा घेऊन गावात शिरले की पारावरची म्हातारी माणसं विचारायची, "कुणाची वाटणी झाली गं?" मग मी वेशीपासूनच ओरडत जायची, "सरकारी चूल हाय, सरकारी." म्हणून आमचा नियम असा की आधी जुनी चूल मोडायची आणि त्याच जागी नवी घालायची. सरकारलाही तेच हवं असायचं.

हा नियम एकाच घरात मोडला. त्या घराचीच ही गोष्ट.

पाटणच्या वर, डोंगराच्या कडेला एक वस्ती होती. तिथं जनाक्का म्हणून एक म्हातारी. नवरा मागंच गेलेला. थोरला मुलगा शेती बघायचा, त्याची बायको हौसा. धाकटा दिनकर पलटणीत, त्याची बायको सुमन. सुमनला धुराचा त्रास. नुसतं डोळ्यांना पाणी नव्हे, श्वासच कोंडायचा. चुलीपुढून उठून अंगणात येऊन खांबाला धरून उभी राहायची, गळ्याच्या शिरा ताठ. कराडच्या डॉक्टरनी स्पष्ट सांगितलेलं की हिला धुरात बसवू नका, माझी औषधं धुरापुढं चालणार नाहीत. म्हणून हौसानंच मला बोलावून घेतलं. जावाजावांत असं सहसा बघायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

मी जुनी चूल मोडायला पहार काढली तर जनाक्का मध्ये आली.

"नवी कुठं बी घाल. माझ्या चुलीला हात लावू नगंस."

"का हो जनाक्का?"

"न्हाई म्हणलं ना." आणि ती नाचणी पाखडायला बसली.

हौसा म्हणाली, "मावशी, मागल्या पडवीत घाला. आत्तींच्या चुलीवर मी करते. सुमन मागं करंल. घास एकाच ताटात हाय, मग चुली दोन असल्या म्हणून काय हुतंय?"

घातली. चांगली झाली होती चूल. ओली माती वाळून, दोन हात लिपून तयार, तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. जनाक्का शेतात गेलेली. साहेबांना पाटणची गाडी गाठायची होती. "धूर पाइपातून येतो का, दाखवा," म्हणाले. मी काटक्या रचेपर्यंत त्यांनी खिशातला लायटर काढला, काटक्यांवर थोडं रॉकेल शिंपडलं आणि स्वतःच पेटवली. पाइपातून धूर निघाला. साहेब खूश. सुमन तर पदर तोंडाला लावून हसत होती, कारण ती चुलीपुढं बसली होती आणि खोकत नव्हती.

मी डोंगर उतरले आणि दुसऱ्या गावच्या चुलींना लागले. पण वस्ती होती उंचावर. खालच्या रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला ते घर समोरच दिसायचं. जुन्या चुलीचा धूर कौलांच्या फटींतून पसरत यायचा आणि नव्या चुलीचा पाइपातून सरळ वर. एका घराचे दोन धूर. बघणारा समजायचं ते समजला. त्यात जनाक्का सुमनच्या चुलीवरचा घासही तोंडात घालत नाही, हे शेजारणींच्या लक्षात आलं. मग काय, रेशन दुकानदारानं सुमनला विचारलं, "कार्ड वेगळं करून घ्यायचं न्हवं? साखर, रॉकेल वेगळं मिळंल." ती घाबरून साखर न घेताच घरी आली.

त्या वस्तीतली बरीच पोरं फौजेत. त्यातलं एक रजा संपवून परत गेलं आणि त्यानं दिनकरला सांगितलं, तुझं घर फुटलं.

हे मला कळलं पाटणच्या सोमवारच्या बाजारात. सुमन मला शोधत आली होती. गर्दीतून वाट काढत, दम लागलेला.

"मावशी, ते यायला लागलेत. ग्रामपंचायतीत फोन आलता."

"मग चांगलं की गं."

"चांगलं कशाचं. निस्तं एवढंच म्हणले, मी येतोय, कुणी काय करू नका." तिनं माझा हात धरला. "तुमास्नी ठावं न्हाई. त्यांच्या ल्हानपणी त्यांचं वडील न् चुलतं असंच वेगळं झालं. घरात मधी भिंत घातली. चुलतं मेलं तवा बी ह्या बाजूनं कुणी गेलं न्हाई. फौजेत जाताना त्यांनी माझ्याकडनं एकच मागितलं, घर एक ठेव. आता ते म्हणतील, हिनंच फोडलं. मला म्हायेरी न्हेऊन सोडतील."

"तू सांग की, औषधापायी घातली."

"मी सांगणार न् गाव सांगणार, कुणाचं ऐकतील?" मग खाली बघत म्हणाली, "ती चूल मोडा, मावशी. ते यायच्या आत."

"आणि तुझा श्वास?"

"त्याचं मी बघीन."

त्या दिवशी बाजारातून मी मीठसुद्धा घेतलं नाही. देशाचं जळण वाचवायला निघालेली मी, आणि माझ्या थापीनं एका बाईचा संसार मोडतोय की काय, हेच डोक्यात. चूल ठेवली तर घर जाणार, मोडली तर पोरीचा श्वास जाणार. घरी ह्यांना सांगितलं. कंबर धरून पडल्यापडल्या म्हणाले, "बांधलेलं मोडायला वेळ लागत नाही गं, आधी बघ काय चुकलंय." मला राग आला. म्हटलं, चूल चुकलेली नाही. ते म्हणाले, "मग माणसांत बघ."

दिनकर यायचा त्या दिवशी सकाळीच मी वर गेले, पिशवीत पहार. हौसा अंगण झाडत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा. मी पडवीत जाऊन पहार काढते न काढते, तोच जनाक्कानं ती माझ्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर चक्क बसली.

"पेटलेली चूल मोडायची न्हाई," म्हणाली.

"मग जुनी मोडू द्या."

"ती बी न्हाई."

आता काय करायचं सांगा. म्हातारी पहारेवर, सुमन भिंतीला टेकून, हौसा दारात, थोरला शेतावर गेलेला, आणि खाली वळणावर एसटी वाजलेली. मी इतकी भ्यालेली की घरी जायला निघाले होते. हौसानं पिशवी धरून ठेवली. "आवं, तुमी गेल्यावर चूल कुणी घातली म्हणून सांगू?"

दिनकर अंगणात आला. ट्रंक खाली ठेवली. बूट काढले नाहीत. वर बघितलं, छपराकडं. दोन्ही धूर होते.

"आई, वाटणी कुणी मागितली?"

सुमनला खोकला आला, भीतीनंच आला असणार.

हौसा म्हणाली, "भावजी, कुणी मागितली न्हाई. मी बलावलं मावशींना. हिला श्वास घेता येईना झाल्ता."

"मग आई हिच्या हातचं खात न्हाई, ते खोटं?"

"हातचं खाते," जनाक्का पहारेवर बसूनच म्हणाली. "त्या चुलीवरचं खात न्हाई."

"का?"

"त्यात सायबाचा इस्तू हाय."

मला आधी उमगलंच नाही. इस्तू म्हणजे विस्तव. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना ती आमच्याकडं बघत नव्हती, जुन्या चुलीकडं बघत होती. धरणाच्या पाण्यात त्यांचं मूळ गाव गेलं तेव्हा ती नवी नवरी होती. सासू निघाली तर भांडीकुंडी सोडून मडक्यात चुलीतला विस्तव घेऊन निघाली. खाली राख, वर शेणी, त्यावर राख. डोंगर चढताना मडकं जनाक्काच्या डोक्यावर. या वस्तीत पहिली चूल मांडली ती त्या विस्तवावर. तेव्हापासून रोज रात्री राखेखाली झाकायचा आणि सकाळी उकरायचा. "गाव बुडालं, द्यावळ बुडालं. वीज झाली म्हणं त्या पाण्याची, गेली मुंबईला. आमच्याकडं राहिला तो एवढा इस्तू. शेतातनं आले तवा कळलं, पडवीतल्या चुलीत सायबानं खिशातनं काढून घातलाया. त्यावरचं मी कसं खाऊ?"

"मग सांगायचं न्हाई व्हय आत्ती?" हौसा म्हणाली. "गाव काय काय बोलतंय."

"मला कुणी इचारलं? तुमी म्हणला, घास एका ताटात हाय. मी म्हणलं, असंल तुमचं."

दिनकर पायरीवर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. तेवढ्यानंच माझ्या जिवात जीव आला. पण प्रश्न सुटला नव्हता. तो म्हणाला, "आई, तुझा इस्तू ह्या चुलीत न्यायचा का?"

जनाक्का म्हणाली, "न्हेला तर सगळाच न्हेयाचा. एका घरात दोन जागी इस्तू नगं. आनि ह्या चुलीत तो रातभर टिकंल का, ते हिला इचार."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. त्या चुलीचा पाइप सारखा ओढत असतो. जळणाला ते चांगलं, पण राखेखाली झाकलेल्या निखाऱ्याला तो पहाटेपर्यंत खाऊन टाकणार. जुनी चूल थंड झालेली, नवीतला सकाळी विझलेला. म्हणजे बुडालेल्या गावातून आणलेला तो विस्तव माझ्या चुलीत मेला, असं झालं असतं. त्यापेक्षा पहारेचा घाव बरा.

मी वाकून बोगद्याचं तोंड बघितलं. म्हटलं, "दोन गोष्टी कराव्या लागतील. साहेबांना त्या चालणार नाहीत."

दुपारभर काम केलं. दिनकरनं पडवीतल्या चुलीतला सगळा विस्तव घमेल्यात काढून उकिरड्यावर नेऊन विझवला. सुमननं ओल्या फडक्यानं चूल पुसून सारवली. मी तोंडापुढं हातभर ओटा वाढवला, म्हणजे निखारे पुढं ओढून भाकरी उभी करता येईल. आणि बोगद्याच्या तोंडाला कौलाचा तुकडा घासून बसता केला, रात्री आडवा सरकवला की पाइपाची ओढ बंद. साच्यात यातलं काही नव्हतं. तपासणीत अशी चूल नापास. त्या साहेबांच्या वाचनात हे आलं तर येऊ दे, आता ते मला कुठून कमी करणार?

तिन्हीसांजेला जनाक्कानं खापरीत जुन्या चुलीतले निखारे घेतले, एकूण एक, आणि पडवीत आणून ठेवले. सुमननं भाकरी थापली, तव्यावरून काढून ओट्यावर निखाऱ्यांपुढं उभी केली. फुगली. जनाक्कानं तिचा पापुद्रा मोडून तोंडात घातला. "मीठ कमी हाय," म्हणाली.

जेवणं झाल्यावर सुमन उठून जुन्या सवयीनं बाजूला झाली. विस्तव झाकायचं काम म्हातारीचं. जनाक्का जागची हलली नाही.

"झाक की गं," ती सुमनला म्हणाली.

"मी?"

"मग काय दिनकर झाकंल? ऱ्हायफल हाय व्हय ती?"

हौसाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ती थोरली, आणि हे काम कधी तिच्या वाट्याला आलं नव्हतं. जनाक्कानं ते बघितलं असावं. ती अंथरुणाकडं जाता जाता म्हणाली, "सकाळी उकरायचा मातूर हौसानं. हिनं झाकायचा, तिनं उकरायचा. म्हंजी कुणी रुसून बसाया नगं."

शेवटची गाडी गेलेली, म्हणून मी तिथंच राहिले. झोप कसली लागते. डोळे मिटले की पाइप ओढतोय असं वाटायचं. कौलाचा तुकडा मी चहूकडून घासला होता, पण एका कोपऱ्यात नख जाईल एवढी फट होती. ती मला माहीत होती, बाकी कुणाला नाही.

उजाडायला हौसा पडवीत आली. मागं सुमन, तिच्या मागं मी. दिनकर दारात उभा, बनियनवर. हौसानं उलथन्याच्या टोकानं राख बाजूला केली. करडी राख, तिच्याखाली करडीच. आणखी खाली गेली. काळा कोळसा. सुमननं माझं मनगट धरलं.

"हाय?" सुमननं विचारलं.

हौसानं मागं न बघता हात पुढं केला, "फुंकणी दे." सुमननं दिली. हौसा वाकली, एकदा फुंकली, दोनदा फुंकली. काळ्या कोळशाच्या पोटात गव्हाच्या दाण्याएवढं लाल दिसलं. मग ते पसरलं.

कौल सरकवून मी बोगदा मोकळा केला. तुरीच्या काड्यांनी पेट घेतला आणि पाइपानं धूर ओढला. सुमन चुलीच्या अगदी जवळ बसली होती आणि तिचा श्वास सरळ चालला होता.

आतल्या खोलीतून, अंथरुणातूनच जनाक्काचा आवाज आला, "अगं, किती येळ? च्या ठेवला का न्हाई?"

मी सकाळच्या गाडीनं खाली उतरले. वळणावर गाडी थांबली तेव्हा मान वळवून वर बघितलं. कौलं कोरडी, स्वच्छ. पाइपातून एकच धूर सरळ वर चालला होता. माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा तिकडंच बघत होता. कंडक्टरला म्हणाला, "मिटलं वाटतं त्यांचं."